नकाशाचा सर्व्हर घेताना पैसा कुठे घालायचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, कुणालाही भर घालता येईल असा जगाचा नकाशा. त्यातली माहिती फुकट उतरवून घेता येते आणि आपल्या यंत्रावर, आपल्या भाषेत मांडता येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून त्यासाठीच्या यंत्राविषयी आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एक शब्द आधीच सांगून ठेवतो. ‘टाइल’ म्हणजे नकाशाचा २५६ बाय २५६ पिक्सेलचा चौकोनी तुकडा. स्क्रीनवर दिसणारा नकाशा अशा वीस-पंचवीस टाइल शेजारी शेजारी मांडून होतो.

प्रश्न : आमच्या मंडळाला बेळगाव, खानापूर, निपाणी आणि शेजारच्या चंदगड-कोल्हापूर भागाचा मराठी नकाशा वेबसाइटवर ठेवायचा आहे. विक्रेत्यानं एक सेकंडहँड रॅक सर्व्हर सुचवला आहे : दोन झिऑन प्रोसेसर मिळून २८ कोअर, १२८ जीबी रॅम, २ टीबीच्या चार हार्ड डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी अशी जोडणी). घ्यावा का? — टिळकवाडी, बेळगाव

घेऊ नका. यंत्र वाईट नाही, पण तुमच्या कामाला जिथे जोर लागतो तिथेच ते लंगडं आहे, आणि जिथे लागत नाही तिथे पैसे जातात.

आधी काम केवढं आहे ते मोजू. पूर्व रेखांश ७३.९ ते ७५.६ आणि उत्तर अक्षांश १५.२ ते १७.० असा चौकोन घेतला, तर चंदगडपासून अथणीपर्यंत आणि लोंढ्यापासून कोल्हापूरच्या पुढपर्यंत सगळं त्यात येतं. भारताची पूर्ण फाईल दीड जीबीच्या आसपास असते. त्यातून हा चौकोन कापला की हाती येणारी फाईल शंभर एमबीच्या खालीच राहते. ती पोस्टग्रेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये भरल्यावर पंधरा-वीस पट जागा घेते असं धरलं, तरी सगळा डेटाबेस दोन जीबीच्या आत. म्हणजे तो अख्खा रॅममध्ये मावतो. १२८ जीबी रॅमची शिफारस असते ती संपूर्ण जगाचा नकाशा भरणाऱ्यांसाठी, ज्यांची मूळ फाईलच ८० जीबीच्या वर असते.

आता टाइल. झूमची पातळी एकानं वाढली की टाइल चौपट होतात. आपल्या अक्षांशावर १४व्या पातळीची एक टाइल साधारण २.३५ किलोमीटर रुंद असते, १८व्या पातळीची साधारण १४७ मीटर, म्हणजे एखादी गल्ली. वरच्या चौकोनाच्या १८व्या पातळीवर सुमारे १७ लाख टाइल होतात, सगळ्या पातळ्या मिळून साडेबावीस लाख. आकडा मोठा वाटतो, पण टाइल एकेक करून काढत नाहीत. रेंडर्डी हा प्रोग्राम ८ बाय ८ अशा ६४ टाइलचा एक गठ्ठा, म्हणजे मेटाटाइल, एकदम काढतो. १७ लाख भागिले ६४ म्हणजे २६ हजारांच्या वर काही गठ्ठे. प्रत्येकाला सरासरी २ सेकंद धरले आणि ८ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी आठ कामं, चालवले, तर १८व्या पातळीचं काम दोन तासांच्या आत संपतं. त्यातही निम्म्याहून जास्त गठ्ठ्यांत नुसतं शेत नाहीतर जंगल, ते त्याहून लवकर उरकतात. याला २८ कोअर कशाला? ८ कोअर पुरतात. फक्त ते ताज्या पिढीचे आणि जास्त वेगाचे हवेत, कारण फाईल वाचून डेटाबेसमध्ये भरण्याचा पहिला टप्पा बराचसा एका कोअरच्या वेगावर चालतो. जुना २ गिगाहर्ट्झचा झिऑन तिथेच मागे पडतो.

खरी अडचण त्या चार हार्ड डिस्कची आहे. नकाशाचा डेटाबेस डिस्कवर सरळ रांगेत वाचत नाही, इथून चिमूटभर, तिथून चिमूटभर असं वाचतो. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पुरी करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हेड जागेवर सरकायचा वेळ धरला तर एका विखुरलेल्या वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या आसपास वाचनं. चार डिस्कची मिळून तीनशे-सव्वातीनशे. रेड ५ मध्ये लिहिताना आणखी वाईट : एक लहान नोंद बदलायला जुनी नोंद वाचा, जुनी पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कवरची माहिती परत काढण्यासाठीची नोंद) वाचा, मग दोन्ही नव्यानं लिहा, असे चार फेरे. म्हणजे चार डिस्क असून लिहिण्याचा वेग एका डिस्कएवढाच. साधी एनव्हीएमई डिस्क, म्हणजे फिरते भाग नसलेली जलद एसएसडी, याच कामात सेकंदाला हजारोंनी वाचनं देते. पैसा इथे घाला.

आमची शिफारस अशी. ६ किंवा ८ कोअरचा ताज्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर. रॅम ३२ जीबी, १६च्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन्ही चॅनेल वापरले जातील आणि उरलेले दोन स्लॉट पुढे वाढवायला मोकळे राहतील. १ टीबीची एनव्हीएमई डिस्क, टीएलसी चिपची (एका पेशीत तीन बिट) आणि स्वतःची डीरॅम, म्हणजे डिस्कच्या वापरापुरती छोटी रॅम, असलेली. शिवाय दुसरी १ टीबी साधी साटा एसएसडी, फक्त बॅकअपसाठी. मदरबोर्ड ईसीसी (चुकलेला बिट स्वतः दुरुस्त करणारी) रॅम घेत असेल आणि फरक परवडत असेल तर ईसीसी घ्या, पण त्यापायी डिस्कचा दर्जा उतरवू नका.

विजेचाही हिशोब करा. दोन प्रोसेसरचा रॅक सर्व्हर नुसता बसून १५० वॅट खात असेल तर महिन्याला १०८ युनिट होतात. आम्ही सांगितलेलं यंत्र ३५-४० वॅटवर बसतं, म्हणजे पंचवीस ते तीस युनिट. हेस्कॉमच्या बिलावरच्या तुमच्या दरानं गुणून पाहा. शिवाय रॅक सर्व्हरचे छोटे पंखे एवढा आवाज करतात की मंडळाच्या खोलीत वाचत बसणं अवघड होईल.

सीमाभागातल्या माणसानं मुद्दाम लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. जिओफॅब्रिक या वेबसाइटवर ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीचे भारताचे विभागवार तुकडे मिळतात. त्यात कर्नाटक दक्षिण विभागात आहे, तर महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागात. नुसता दक्षिण विभाग उतरवला तर कोगनोळीच्या पुढे महामार्ग संपतो, चंदगड कोरं दिसतं आणि कणकुंबीहून चोर्ल्याकडे जाणारा रस्ता घाटात तुटतो. म्हणून भारताची पूर्ण फाईल घ्या आणि ऑस्मियम या प्रोग्रामनं आपला चौकोन कापा. कापताना ‘स्मार्ट’ पद्धत निवडा. न निवडल्यास चौकोनाच्या कडेवर पडलेल्या धरणाची किंवा जंगलाची बाह्यरेषा अर्धवट येते आणि तो अख्खा निळा किंवा हिरवा पट्टाच नकाशावरून नाहीसा होतो. मग लोक सर्व्हरला दोष देतात.

ताजेपणासाठी दर मिनिटाचे बदल ओढत बसायची गरज नाही. आठवड्यातून एकदा नवी फाईल आणा, कापा, दुसऱ्या नावाच्या डेटाबेसमध्ये भरा आणि तपासून झाल्यावर नावांची अदलाबदल करा. जोडण्या चालू असताना पोस्टग्रेस डेटाबेसचं नाव बदलू देत नाही, तेव्हा आधी रेंडर्डी थांबवा. शेवटी टाइलच्या फोल्डरमधल्या ‘प्लॅनेट-इम्पोर्ट-कम्प्लीट’ या फाईलची वेळ ताजी करा. ती विसरलात तर डेटाबेस नवा असूनही लोकांना जुन्याच टाइल दिसत राहतात.

प्रश्न : आम्ही व्हेक्टर टाइल वापरून नकाशा केला. इंग्रजी नावं ठीक येतात, मराठी मोडतात. ‘किणये’ गावाचं ‘कणिये’ दिसतं, ‘येळ्ळूर’मधला जोड ‘ळ्ळ’ सुटा होतो. कानडी नावांचंही तेच. रॅम वाढवली तरी फरक नाही. सर्व्हर कमी पडतोय का? — निपाणी

सर्व्हरचा यात काही दोष नाही, रॅमचे पैसे परत घ्या.

व्हेक्टर टाइलमध्ये सर्व्हर फक्त आकडे आणि नावं पाठवतो, चित्र वाचकाच्या ब्राउझरमध्ये तयार होतं. ते काढणाऱ्या मॅपलिब्रेसारख्या लायब्ररी अक्षरांची चित्रं एकेक करून, आलेल्या क्रमानं शेजारी ठेवतात. इंग्रजीला ते चालतं. देवनागरीत चालत नाही. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या पोटात आधी ‘क’ आणि मग वेलांटी असते, दिसताना मात्र वेलांटी अलीकडे यायला हवी. ती अलीकडे आणणारं कुणी नसलं की वेलांटी ‘क’च्या पुढे पडते, म्हणजे ‘ण’च्या डोक्यावर, आणि ‘कणिये’ होतं. ‘ळ्ळ’चं तसंच : हलन्त धरून दोन अक्षरांचा एक आकार करायचं काम फॉन्टमधल्या नियमांचं, आणि ते नियम कुणी वाचतच नाही. पर्याय म्हणून जोडाक्षरं आधीच जुळवून ठेवलेले खास फॉन्ट तयार केले गेले आहेत, पण ते वापरण्यापूर्वी आपल्या तालुक्यातल्या सगळ्या गावांची नावं डोळ्यांखालून घाला. एखाद्या गावाचं नाव चुकीचं छापण्यापेक्षा नकाशा महिनाभर उशिरा आलेला बरा.

खात्रीचा मार्ग म्हणजे सर्व्हरवरच चित्र काढणं, म्हणजे रास्टर टाइल. ही चित्रं मॅपनिक हा प्रोग्राम काढतो. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अक्षरांची जुळणी हार्फबझ ही लायब्ररी करते, त्यामुळे नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड हे दोन फॉन्ट यंत्रावर बसवले की येळ्ळूरही नीट येतं आणि ‘ಬೆಳಗಾವಿ’सारखी कानडी नावंही. यामुळे यंत्राचा हिशोब मात्र बदलतो. व्हेक्टर टाइल वाटायला जुना संगणकही पुरतो, रास्टर काढायला मागच्या उत्तरातलं ८ कोअरचं यंत्र लागतं. तेव्हा यंत्राची ऑर्डर द्यायच्या आधी नकाशाची भाषा ठरवा.

दोन बारकावे. मूळ शैली, म्हणजे नकाशा कसा रंगवायचा याचे नियम, ‘नेम’ या रकान्यातलं नाव घेते, आणि आपल्याकडे तिथे बहुधा इंग्रजी असतं. शैलीतल्या क्वेरीत आधी ‘नेम:एमआर’ (मराठी नाव) बघा, ते नसेल तरच ‘नेम’ घ्या असं लिहावं लागतं. हे रकाने डेटाबेसमध्ये यावेत म्हणून फाईल भरतानाच हस्टोर (असे जादा रकाने साठवायची सोय) चालू ठेवा. नंतर आठवलं तर सगळं पुन्हा भरावं लागतं. दुसरं, मराठी आणि कानडी अशी दोन ओळींची नावं लांबरुंद होतात आणि गठ्ठ्याच्या कडेवर अर्धी कापली जातात. मॅपनिकच्या शैलीत बफर, म्हणजे गठ्ठ्याभोवतीची जादा कड, २५६ पिक्सेल ठेवा, कापणं थांबतं. चित्र काढायला वेळ थोडा जास्त लागेल, तो लागू द्या.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जाते याचा हिशोब नाही. घरचा इन्व्हर्टर आहे. त्यावर सर्व्हर ठेवला तर चालेल का? — जांबोटी, ता. खानापूर

चालेल, पण इन्व्हर्टर आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक छोटा यूपीएस लागेल.

कारण असं. वीज गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला थोडा वेळ घेतो. संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद दम धरतो, त्यापुढे नाही. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’ असं बटण असेल तर त्यात बदल लवकर होतो. साध्या मोडमध्ये त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. पंखा, दिवा यांना कळत नाही, सर्व्हर मात्र रीस्टार्ट होतो. मधला यूपीएस एवढीच दरी भरून काढतो, म्हणून तो ६०० व्हीएचा पुरे. लांबचा पल्ला इन्व्हर्टरच्या बॅटरीनं मारायचा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,८०० वॅट-अवर असतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये आणि काही ऊर्जा उष्णतेत जाते, हे धरून साडेसातशेच्या आसपास हाताशी. सर्व्हर, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १०० वॅट असतील तर सात तास निघतील. घरातले पंखे त्याच बॅटरीवर असतील तर अर्थात नाही.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा आहे का ते आधी बघा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर पुष्कळ यूपीएस त्याचा प्रवाह स्वीकारतच नाहीत. इन्व्हर्टर चालू असतो, दिवे लागलेले असतात, आणि यूपीएस मात्र स्वतःची बॅटरी रिकामी करत बसतो. वीस मिनिटांनी सर्व्हर बंद, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

यूपीएसला यूएसबीची तार हवीच. लिनक्सवर ‘नट’ हा प्रोग्राम बसवा. बॅटरी खाली आल्याचा इशारा मिळताच तो पोस्टग्रेस रीतसर थांबवून यंत्र बंद करतो. मदरबोर्डच्या बायॉसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करा, म्हणजे रात्री दोनला कुणाला उठायला नको.

डेटाबेसचं म्हणाल तर पोस्टग्रेस वीज गेल्यावरही सावरतं, पण एका अटीवर : ‘एफसिंक’, म्हणजे लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलं याची खात्री करणारी सोय, चालू असलं पाहिजे. फाईल लवकर भरावी म्हणून ते बंद करायचा सल्ला ठिकठिकाणी दिसतो. बंद ठेवलंत आणि वीज गेली, तर डेटाबेस सगळा फेकून पहिल्यापासून भरावा लागू शकतो. एवढ्याशा चौकोनासाठी ती जोखीम घेण्यात अर्थ नाही. जास्त पैसे घालायची तयारी असेल तर कॅपॅसिटरवाली, म्हणजे वीज गेल्यावरही हातातलं लिखाण पुरं करणारी एसएसडी घ्या. तुमच्या भागात ती चैन म्हणता येणार नाही.

आणि अर्थिंग. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. मीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी वायरमन बोलवा, मग सर्व्हर लावा. वळवाच्या विजा मुख्य तारेपेक्षा बऱ्याचदा घराबाहेरून ओढलेल्या लॅनच्या तांब्याच्या तारेतून आत येतात. शेजारच्या इमारतीला जोड द्यायचा असेल तर फायबर टाका, त्यातून वीज येत नाही.

प्रश्न : २५६ जीबीची एनव्हीएमई डिस्क घेऊन भारताची फाईल भरायला घेतली. सुरुवात झपाट्यानं झाली, मग वेग बसला, आणि शेवटी ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून बंद पडलं. दीड जीबीच्या फाईलीला २५६ जीबी पुरू नये? — अथणी

फाईल भरणाऱ्या प्रोग्रामचा ‘फ्लॅट-नोड्स’ हा पर्याय तुम्ही चालू ठेवला असणार. तो नकाशातल्या बिंदूंच्या जागा एका वेगळ्या फाईलीत ठेवतो. जगाच्या नकाशासाठीच्या सूचनांत तो असतो, तिथून तो सगळीकडे पसरतो. या फाईलीचा आकार तुमच्या भागावर ठरत नाही, तर जगातल्या सर्वांत मोठ्या बिंदू-क्रमांकावर ठरतो. प्रत्येक क्रमांकाला ८ बाइट, आणि क्रमांक आता १,३०० कोटींच्या घरात. झाले शंभर जीबी. अथणी तालुका भरा नाहीतर अख्खा आशिया भरा, ही फाईल तेवढीच. उरलेल्या जागेत मधली कोष्टकं, इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणूनची सूची) बांधताना लागणारी तात्पुरती जागा आणि पोस्टग्रेसची नोंदवही. तेवढ्यात डिस्क भरली.

वेग बसला तोही याच कारणानं. स्वस्त डिस्क मोकळ्या जागेचा एक भाग जलद लिहिण्यासाठी राखून ठेवतात. डिस्क भरत जाते तसा हा भाग आक्रसतो, आणि तो संपला की क्यूएलसी चिपचा (एका पेशीत चार बिट, म्हणून स्वस्त पण हळू) मूळ वेग उघडा पडतो. तो साध्या हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. खोक्यावर छापलेला सेकंदाला ३,५०० एमबीचा आकडा पहिल्या काही जीबींपुरता खरा असतो. म्हणून डिस्क घेताना तीन गोष्टी विचारा : चिप टीएलसी आहे का, स्वतःची डीरॅम आहे का, आणि किती टीबी लिहिण्याची हमी आहे. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी डिस्कला ६०० टीबीपर्यंत हमी मिळते, काही क्यूएलसी डिस्कना २००. डिस्क कधीही तीन-चतुर्थांशाच्या वर भरू देऊ नका.

आता करायचं काय? फ्लॅट-नोड्स काढून टाका. चालू बदल ओढायचे नसतील तर ‘ड्रॉप’ हा पर्याय द्या, म्हणजे मधली कोष्टकं काम झाल्यावर पुसली जातील. पोस्टग्रेसची ‘मेंटेनन्स वर्क मेम’, म्हणजे इंडेक्स बांधण्यासारख्या कामाला द्यायची रॅम, वाढवताना सांभाळा : इंडेक्स एकाच वेळी तीन-चार बांधले जातात आणि प्रत्येक जण तेवढी रॅम मागतो. ४ जीबी लिहिलंत तर १६ जीबी गेलेच समजा. १६ जीबीच्या यंत्रावर १ जीबी ठेवा, नाहीतर लिनक्स मध्येच पोस्टग्रेसला मारून टाकतं. पोस्टग्रेसची आपोआप साफसफाई करणारं ऑटोव्हॅक्यूम बंद करू नका. टाइल काढायच्या वेळी ‘जेआयटी’ (क्वेरी चालवताना ती यंत्रभाषेत उतरवण्याची सोय) बंद ठेवा, छोट्या क्वेरींना त्याचा भारच होतो.

पुढे आणखी एक ‘जागा शिल्लक नाही’ भेटू शकतं, ज्यात जागा असते. टाइल सुट्या सुट्या फाईलींत ठेवल्या तर लाखो फाईली होतात, आणि ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाईल-व्यवस्थेमध्ये फाईलींची कमाल संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते, नेहमीच्या मापानं दर १६ केबीला एक. टाइल बऱ्याचदा एक केबीचीही नसते. त्यामुळे जागा उरते आणि आयनोड, म्हणजे फाईलींच्या नोंदीच्या जागा, संपतात. ‘डीएफ’ला ‘आय’ जोडून चालवा, कळेल. ६४ टाइलची एक फाईल करणारी मेटाटाइलची पद्धत ठेवली की हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न : कारखान्याच्या ऊस विभागासाठी ड्रोननं काढलेली शिवारांची छायाचित्रं नकाशावर दाखवायची आहेत. सुमारे ५,००० हेक्टर. केवढी डिस्क? — चिकोडी

५ सेंटिमीटरला एक पिक्सेल धरला तर एका चौरस किलोमीटरला ४० कोटी पिक्सेल, तीन रंगांचे मिळून १.२ जीबी. ५,००० हेक्टर म्हणजे ५० चौरस किलोमीटर, झाले ६० जीबी. जेपीईजी दाबून क्लाउड-ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ (हवा तेवढाच भाग वाचता येणारी नकाशा-चित्राची फाईल) केलं की हे एक-दशांशाच्या आसपास येतं. पण ड्रोनची मूळ छायाचित्रं त्याच्या कितीतरी पट असतात, आणि ती दर हंगामाला साठत जातात. त्यासाठी ८ टीबीच्या दोन हार्ड डिस्क एकमेकींची प्रत म्हणून लावा. इथे हार्ड डिस्क योग्य आहे, कारण मोठ्या फाईली सरळ रांगेत वाचल्या जातात.

छायाचित्रं जोडून एक करायचं काम मात्र वाटण्याच्या सर्व्हरवर करू नका. हे काम करणाऱ्या ओपनड्रोनमॅप या प्रोग्रामला ५०० छायाचित्रांना साधारण ३२ जीबी आणि २,५०० ना १२८ जीबी रॅम लागते. त्या टिळकवाडीच्या वाचकांना आम्ही नाही म्हटलेला रॅक सर्व्हर तुम्हाला या कामासाठी उपयोगी पडेल. शिवारांच्या हद्दी आणि शेतकऱ्यांची नावं असलेली माहिती उघड्या वेबसाइटवर ठेवू नका. ती कारखान्याच्या आतल्या जाळ्यातच राहू द्या.

प्रश्न : उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात जागा आहे. तिथे सर्व्हर ठेवावा का? — बेळगाव

शक्यतो नको. फाउंड्रीच्या हवेत लोखंडाची बारीक धूळ असते आणि ती वीजवाहक असते. पंखे ती आत ओढतात, ती बोर्डावर बसते, आणि पावसाळ्याची ओल मिळाली की शॉर्ट होतो. ठेवायचाच असेल तर बंद खोली, दाराला पट्टी आणि केसच्या पुढच्या पंख्यांवर काढून धुता येईल अशी जाळी. दर महिन्याला ती जाळी धुवा. (निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारीही जाळी लागेल, ती धूळ पंख्यांना चिकटते.) ३०० वॅटचं यंत्र तासाला हजार बीटीयू उष्णता टाकतं, एका टनाचा एसी १२ हजार ओढतो, त्यामुळे एका यंत्रासाठी एसीची गरज नाही. खोलीला हवा खेळती ठेवा.

प्रश्न : सर्व्हर घरी ठेवावा की मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घ्यावा? आणि मुळात ओपनस्ट्रीटमॅपच्याच सर्व्हरवरून टाइल का घेऊ नयेत? — महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव

त्यांचे टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतात. अधूनमधून वापरायला हरकत नाही, पण मोठ्या प्रमाणावर टाइल उतरवून ठेवायला त्यांच्या नियमांनुसार मनाई आहे. शिवाय तिथे तुम्हाला हवी ती भाषा मिळत नाही.

घरी की भाड्यानं, हे अपलोडवर ठरतं. एक माणूस नकाशा उघडून चार-पाच वेळा सरकवतो तेव्हा शंभर टाइल जातात. टाइलला १५ केबी धरले तर दीड एमबी. मिनिटाला शंभर माणसं आली तर सेकंदाला २० मेगाबिट सतत अपलोड. घरच्या फायबरला ते झेपेल, पण बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो. एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो आणि बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही. राउटरच्या पानावरचा पत्ता १०० आणि त्यापुढे ६४ ते १२७ मधला एखादा आकडा असा सुरू होत असेल तर हीच स्थिती समजा, आणि सेवा देणाऱ्याकडे स्थिर आयपी मागा.

आमच्या मते सगळ्यात परवडणारी वाटणी अशी : टाइल घरच्या यंत्रावर काढायच्या, तयार टाइल भाड्याच्या लहान सर्व्हरवर ठेवायच्या. तिथे २ कोअर, ४ जीबी रॅम आणि ८० जीबी डिस्क पुरते, कारण तो फक्त फाईली वाटतो. महापुराच्या दिवसांत, ऑगस्ट २०१९ सारखी वेळ आली आणि गावची वीज गेली, तरी नकाशा चालू राहतो. तेव्हाच तो लोकांना सर्वांत जास्त लागतो.

दोन कायदेशीर गोष्टी. नकाशाच्या कोपऱ्यात ‘© ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्यूटर्स’ हा उल्लेख वाचता येईल असा हवा, ओपनस्ट्रीटमॅपची माहिती ज्या ओडीबीएल परवान्याखाली मिळते त्याची ती अट आहे. आणि देशाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवावी लागते, १९६१च्या कायद्यानं चुकीची सीमा छापणं गुन्हा आहे. ओपनस्ट्रीटमॅपमधली सीमा तशी नसते. आपल्या चौकोनापुरता नकाशा असेल तर झूमची सर्वांत खालची पातळी ८ ठेवा आणि नकाशा चौकोनाबाहेर सरकू देऊ नका.

प्रश्न : शाळेत मुलांसाठी इंटरनेटशिवाय चालणारा तालुक्याचा नकाशा हवा आहे. जुना ४ जीबी रॅमचा संगणक आहे. — संकेश्वर

पुरतो. चित्र काढायचं काम दुसऱ्या कुठल्यातरी चांगल्या यंत्रावर एकदाच करून घ्या. हुक्केरी तालुक्याच्या रास्टर टाइल एका एमबीटाइल्स फाईलमध्ये बांधून पेनड्राइव्हवर आणा, जुन्या संगणकावर त्या वाटणारा छोटा प्रोग्राम बसवा आणि शाळेच्या वाय-फाय राउटरला जोडा. राउटरला इंटरनेट नसलं तरी चालतं. जुनी हार्ड डिस्क काढून १२० जीबीची साटा एसएसडी घाला, बाकी काही बदलू नका. रास्पबेरी पाय वापरणार असाल तर नकाशाची फाईल मेमरी कार्डवर ठेवली तरी चालेल, कारण ती फक्त वाचली जाते. लॉग मात्र कार्डवर लिहू देऊ नका, ते रॅममध्ये ठेवा. कार्ड मरतात ती लिहून लिहून.